मुक्ताईच्या हातचा पडदा

"तुझंच कार्टं ना हे? बघ बरं," म्हणत बद्रीनाथने तेलाने माखलेलं चेंबर रामदासच्या ऐरणीशेजारी आपटलं.

रामदासला शब्द ऐकू गेले नाहीत. आपटल्याचा हादरा मात्र तळपायातून वर आला आणि त्याने मान वर केली. जन्मभर पत्रा ठोकून त्याचे कान गेले होते. मुलाने, अभयने, हौसेने घेऊन दिलेलं कानाचं मशीन शर्टाच्या खिशात असायचं. दुकानात ते घातलं की प्रत्येक घाव मेंदूत बसतो, असं त्याचं म्हणणं. ज्याला बोलायचंय त्याने समोर यावं आणि ओठ नीट हलवावेत. नाना पेठेतल्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना रामदासला त्याच्याच दुकानात पाठ फिरवून नावं ठेवायची असत त्यांची त्यामुळे मोठी सोय झाली होती.

बद्रीनाथ समोर आला. इंजिनाचं काम करणारा हा त्याचा जुना दोस्त, गॅरेज चार दुकानं सोडून.

"माधवरावांची डुक्कर फियाट आठवते? ते गेले. आता त्यांची मुलगी चालवते, चैताली. घाटात वळणावर तेलाचा लाल दिवा लागतो म्हणते. म्हणून चेंबर उतरवलं, तर आत हा तुझा पडदा लोंबतोय."

इंजिनाच्या तळाशी बोल्टांनी आवळलेली पत्र्याची खोल थाळी म्हणजे चेंबर. त्यात तेल असतं, तेलात पंपाचं तोंड बुडालेलं असतं, आणि तिथूनच सगळ्या इंजिनाला तेल जातं. गाडी जोरात वळली की तेल एका कडेला धावतं, पंपाचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. तेवढ्यात वर लोखंड लोखंडावर कोरडं घासतं. असं सारखं झालं तर एक दिवस इंजिन जागच्या जागी जाम होतं. म्हणून चेंबरच्या आत पत्र्याचा एक आडवा पडदा बसवतात, तेल हिंदकळू नये म्हणून. मेकॅनिक लोक त्याला बॅफल म्हणतात. रामदासच्या दुकानात त्याला पडदाच म्हणत, कारण मुक्ताई पडदा म्हणायची.

"एका बाजूचा सांधा गेलाय," बद्रीनाथ म्हणाला. "काढ आणि नवा कर. जुन्याला ठिगळं लावत बसू नकोस."

रामदास डिझेलचं फडकं फिरवू लागला. वर्षानुवर्षांचं काळं तेल निघालं आणि खालून हातोडीचे घाव दिसायला लागले. पत्रेवाल्याला कोणाचा घाव कुठला ते कळतं, जसं दारातल्या खोकल्यावरून घरच्यांना कोण आलं ते कळतं. रामदासचे घाव उजवीकडे कलतात. हे डावीकडे कललेले होते, थोडे उथळ, एकमेकांना खेटून बसलेले. त्याचा हात फडक्यासकट थांबला.

"काय रे?"

"काही नाही. करतो," रामदास म्हणाला.

बद्रीनाथ गेला तरी तो तसाच उभा होता. मुक्ताई डावरी होती.

पत्रेकाम हे दोघांचं काम. एकाने पत्र्याच्या मागे लोखंडी ठोकळा धरायचा, दुसऱ्याने पुढून घाव घालायचा. ठोकळा नेमका घावाखाली नसला तर पत्रा फुगतो, आणि ठोकळ्याऐवजी तिथे बोट असलं तर बोट जातं. म्हणून धरणारा 'हं' म्हणतो. हं म्हणजे ठोकळा बसला, आता मार. हं आल्याशिवाय मारायचं नाही, मग गिऱ्हाईक छातीवर येऊन बसलं तरी नाही. रामदासचा पहिला जोडीदार काम सोडून मुंबईला गेला तेव्हा नवा माणूस मिळेपर्यंत म्हणून मुक्ताई ठोकळा धरायला बसली. नवा माणूस कधी मिळाला नाही. खरं म्हणजे कोणी शोधलाच नाही.

सासवडच्या पलीकडच्या कोरड्या गावातली ती. लहानपणापासून डोक्यावर हंडे वाहिलेले, मनगटं अशी की ठोकळा तसूभर हलायचा नाही. सगळा संसार तिने हं म्हणण्यात आणि त्याने घाव घालण्यात काढला. घरी भांडण झालं तरी दुकानात हं चुकलं नाही. अबोल्याच्या दिवशी तिच्या तोंडून तेवढा एकच शब्द निघायचा, पण तो इतक्यांदा निघायचा की संध्याकाळपर्यंत अबोल्यात काही दम उरायचा नाही. पुढे त्याचे कान गेले, तेव्हा तो तिचं हं ओठांवरून ओळखू लागला.

दोन वर्षांपूर्वी काविळीचं निमित्त झालं आणि मुक्ताई गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे पांगले, आणि रामदासने दुकान उघडलं. ठोकळा धरायला कोणी नव्हतं म्हणून तो टेबलावरच्या लोखंडी पकडीत, व्हाइसमध्ये आवळला. हातोडी उचलली आणि सवयीने थांबला.

आणि हं आलं.

कानातून नाही, कानांत काही उरलंच नव्हतं. कुठून तरी आतून, छातीपाशी. त्याने वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. त्याने घाव घातला, पुन्हा हातोडी उचलली, आणि पुन्हा हं आलं. रामदास काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. त्याच्या बापाने गळ्यातला ताईत तोडून नदीत टाकला होता आणि असली थोतांडं पुन्हा उंबरा ओलांडून येऊ दिली नव्हती. त्यामुळे त्याने हे कोणाला सांगितलं नाही. फक्त सकाळी जरा लवकर दुकानात जायला लागला, आणि रविवार त्याला आवडेनासा झाला.

एकदाच, फक्त एकदाच, काम उलटं झालं होतं. स्कूटर घसरून रामदासच्या उजव्या हाताला प्लास्टर बसलं होतं, आणि माधवरावांच्या फियाटचा पडदा तर तो कबूल करून बसला होता. बद्रीनाथचे निरोपावर निरोप येत होते.

"मी मारते, तुमी धरा," मुक्ताई म्हणाली.

"तुला नाही जमायचं."

"इतकी वर्सं धरलाय, तर मारायला काय धाड भरली मला? तुमी निस्तं हं म्हना."

त्याने डाव्या हाताने ठोकळा धरला आणि हं म्हटलं. तिने डाव्या हाताने घाव घातला. पहिल्या दोन-चार घावांना त्याने डोळे मिटून घेतले होते. मग उघडले. ती ओठ दाबून, कपाळाला आठी घालून मारत होती, आणि पत्रा तिचं ऐकत होता. शेवटी पक्कड घेऊन तिने पडद्याचा एक काठ पंपाच्या तोंडाकडे आतल्या बाजूला कलवला.

"अगं, तिरका झाला तो!"

"ऱ्हाऊ द्या तिरका. आमी हंडा आनताना पान्यावर कडुलिंबाची डहाळी टाकायचो. पानी हिंदकाळलं की डहाळीला थडकून म्हागारी फिरायचं, अंगावर येत नव्हतं. ह्ये तसंच हाय."

"इंजिन म्हणजे काय हंडा आहे?"

"पातळ त्ये पातळ. त्याला काय ठावं आपून कशात हाय त्ये?"

तो खूप हसला होता. बद्रीनाथला मात्र त्याने काही सांगितलं नाही. बायकोने ठोकलेला पडदा म्हटल्यावर बद्रीनाथने चेंबर आल्या पावली परत पाठवलं असतं. पडदा बसला, चेंबर आवळलं गेलं, आणि मुक्ताईने आयुष्यात हातोडीने केलेली ती एकुलती एक वस्तू काळ्या तेलात गडप झाली. प्लास्टर निघालं, तशी ती पुन्हा ठोकळ्यामागे जाऊन बसली.

आणि आता तो पडदा त्याच्या हातात होता. तिच्या हातचं बाकी सगळं संपलं होतं. लोणच्याची बरणी रिकामी झाली होती, गोधडी विरून तिची फडकी झाली होती. रामदासने घावांवरून अंगठा फिरवला. त्याला तो पडदा हवा होता. कधी कशाचा मोह न झालेल्या माणसाला म्हातारपणी मोह झाला की तो फार जोरात होतो.

त्याने उरलेला सांधा कापला, पडदा सोडवला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पिशवीत घालून ताडीवाला रोडवर घरी नेला. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली मुक्ताईचा फोटो होता. त्याच्यासमोर त्याने तो उभा करून ठेवला.

"बाबा, हे काय आणलंत?" सून, पूर्वा, स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"असू दे."

"गाडीचा पार्ट आहे ना हा? इथे?"

"असू दे म्हटलं ना."

पूर्वा समजूतदार होती. तिने वाद घातला नाही, फक्त पडद्याखाली प्लॅस्टिकचा कागद सरकवला, कारण तेल फोटोच्या चौकटीपर्यंत पोचायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने नवा पडदा करायला घेतला. कागदावर जुन्याचं माप उतरवून आणलं होतं. पत्रा कापला, ठोकळा व्हाइसमध्ये आवळला, हातोडी उचलली आणि थांबला.

हं आलं नाही.

तो थांबून राहिला. हातोडी खाली ठेवली, हात पुसले, पुन्हा उचलली. काहीच नाही. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. छातीपाशी नुसतं पोकळ वाटत होतं. खांदा भरून आला तसा त्याने पहिला घाव हं शिवायच घातला. त्याला भीती वाटली, अगदी लहान मुलाला रिकाम्या घरात वाटते तशी. मग घाईघाईत त्याने एकावर एक घाव घातले, न थांबता, थांबलं की ऐकावं लागतं म्हणून.

दुपारी बद्रीनाथ चहाचे ग्लास घेऊन आला.

"आज तुझा आवाज नाही तो? तब्येत बरी आहे ना?"

हातोडीचा आवाज म्हणत असेल, असं रामदासला वाटलं. "चाललंय की," तो म्हणाला.

"जुना कुठाय?"

"भंगारात घातला."

काठ वाकवायची वेळ आली. कागदावर मुक्ताईचा काठ तिरका उतरला होता. रामदासने तो पाहिला, आणि हात आपोआप लाकडी मोगरीकडे गेला. तिरकं दिसलं की सरळ करायचं, हे त्याच्या हातात इतकं मुरलेलं होतं की त्यासाठी डोक्याला विचारावं लागत नसे. आणि खरं सांगायचं तर अजूनही त्याला तो काठ म्हणजे हौशी हाताची चूकच वाटत होती. त्याने काठ गुण्याला लावून काटकोनात सरळ उभा केला. पडदा देखणा झाला. पितळी सांधा दोन्ही बाजूंनी नीट भरला आणि चेंबर बद्रीनाथकडे पाठवून दिलं.

गाडी घाटातून परत आली ती चैतालीच्या पडलेल्या चेहऱ्यासकट. ती हिंजवडीला कुठल्याशा कंपनीत होती आणि या गाडीसाठी सुट्टी टाकून आली होती. बद्रीनाथ तिच्या मागोमाग दुकानात शिरला.

"दिवा लागला," तो म्हणाला. "आधी नुसता चमकून जायचा. आता वळण सुरू झालं की लागतो आणि संपेपर्यंत जळतो. मी अर्ध्यातूनच मागे फिरवली."

चैताली रामदाससमोर आली. तिने आपलं आपण ओळखून सावकाश, ओठ दिसतील असं बोलायला सुरुवात केली.

"काका, मी एक्स्पर्ट नाही. मला फक्त एवढंच सांगा, गाडी सेफ आहे का? आईला भोरला न्यायचंय, मामाकडे. तिला कात्रजचा जुना घाटच हवा, बोगदा नको. बाबा तिला तिथूनच न्यायचे. इंजिन माझ्या हातून बसलं तर ती मला काही बोलणार नाही. पण पुन्हा गाडीत बसणारही नाही."

बद्रीनाथने चष्मा कपाळावर चढवला.

"जुन्याचं माप घेऊनच केलास ना?"

"माप तेच आहे."

"मग वेगळं काय आहे? जुना सांधा तुटेपर्यंत या गाडीला कधी दिवा लागला नाही. माधवराव घाटात रिक्षावाल्यासारखे वळायचे, तरी नाही."

रामदासला काय वेगळं आहे ते कळलं होतं. दिवा वळणभर जळला हे ओठांवरून वाचलं तेव्हाच कळलं होतं. तेल भिंतीवर चढतं, सरळ काठावरून पलीकडे जातं आणि पडद्याच्या वरच अडकून बसतं. काठ आत कललेला असता तर त्याला थडकून पंपाच्या तोंडाकडे परत फिरलं असतं. डहाळीला थडकून फिरतं तसं. तिने सांगितलं होतं आणि तो हसला होता.

"भंगारवाला कुठला?" बद्रीनाथ विचारत होता. "मी जातो, अजून गाड्यावर असेल."

"भंगारात नाही घातला. घरी आहे."

"घरी? पोळ्या भाजायला?"

"मुक्ताने केलेला आहे तो."

बद्रीनाथचा चष्मा कपाळावरून नाकावर येऊन पडला.

"माझा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा. घाव तिचे आहेत. मी नुसता ठोकळा धरला होता."

"तेव्हा बोलला नाहीस."

"बोललो असतो तर बसवला असतास?"

बद्रीनाथने विचार केला. तो फटकळ होता, पण खोटं बोलणारा नव्हता. "नसता बसवला," तो म्हणाला. मग म्हणाला, "ठेव घरी तो. आम्ही काही मागत नाही. याचाच काठ तसा वाकव, की झालं. एवढंसं काम आहे."

ते खरंच एवढंसं काम होतं. चेंबर पुन्हा उतरवून आणलं गेलं, धुतलं गेलं. रामदासने काठाखाली ठोकळा लावला आणि हातोडी उचलली. चैताली बाकावर बसून बघत होती, बद्रीनाथ दाराला टेकून उभा होता. रामदास थांबला. काही आलं नाही. तो थांबूनच राहिला. हं नसतानाही तो घाव घालू शकला असता, कालचा आख्खा पडदा तसाच तर केला होता. पण मग घरी मुक्ताईचा पडदा राहील आणि इथे मुक्ताई नसेल, हे त्याला लख्ख दिसलं.

ती झालेलं काम कधी दुकानात राहू द्यायची नाही. "झालेलं काम निजवायचं न्हाई," म्हणायची, आणि गिऱ्हाईक आलं नाही तर स्वतः डोक्यावर घेऊन पोचवायची. अशा बाईचं काम त्याने प्लॅस्टिकच्या कागदावर, फोटोसमोर, हात जोडून बसवल्यासारखं बसवलं होतं. रामदासला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त, त्याला पडदा पुन्हा जाणार याचं वाईट वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं.

त्याने हातोडी खाली ठेवली. "उद्या सकाळी या," तो चैतालीला म्हणाला.

सकाळी त्याने पिशवीतून मुक्ताईचा पडदा काढला. पूर्वाने तो कधी तरी फडक्याने पुसून लख्ख केला होता. त्याने आपला देखणा पडदा कापून बाजूला टाकला आणि मुक्ताईचा निरखून पाहिला. तिचा एक घाव हलला नव्हता, काठ होता तसा तिरका होता. तुटला होता तो सांधा, आणि सांधा रामदासचा होता, प्लास्टरमधल्या हाताने कसाबसा भरलेला. या वेळी त्याने तो दोन्ही हातांनी, घाई न करता भरला. मग पडदा जागेवर नीट बसावा म्हणून हलके ठोके द्यायला त्याने हातोडी उचलली.

हं आलं.

रामदासचे डोळे भरून आले. चैताली समोरच बसली होती, पण त्याला तिची लाज वाटली नाही. तो ठोके देत राहिला आणि दर ठोक्याआधी हं येत राहिलं, छातीपाशी, पूर्वीसारखं. दारातून बद्रीनाथने चैतालीकडे पाहून मान हलवली आणि तो रस्त्याकडे बघू लागला.

चेंबर पुन्हा गाडीला आवळलं गेलं, तेल भरलं गेलं.

"घाटात आता तू जा हिच्याबरोबर," बद्रीनाथ म्हणाला. "तुझा पडदा, तू बघ. आणि ते मशीन घाल कानात. नुसत्या दिव्यावर जाऊ नकोस, खालून ठोकल्यासारखं वाजतंय का ते ऐक." मग तो जरा घुटमळला. "नाहीतर राहू दे मशीन. दिवा बघितलास तरी पुरे."

"घालतो की. कामच आहे ते," रामदास म्हणाला.

कात्रजच्या डेअरीपर्यंत गर्दी होती. पुढे चढ लागला तशी गाडी मोकळी झाली. रामदासने खिशातून मशीन काढून कानात बसवलं आणि जग एकदम अंगावर आलं: वारा, मागच्या टेम्पोचा हॉर्न, काचेची खडखड, आणि त्या सगळ्याखाली म्हाताऱ्या इंजिनाची एकसारखी घरघर. ठोकल्याचा आवाज नव्हता. दिव्याची लाल काच विझलेली होती. चैतालीने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"आता येईल ते वळण," ती म्हणाली. "इथेच लागतो."

वळण आलं. गाडी कलली. रामदासला पायाखाली, इंजिनाच्या तळाशी, काळं तेल भिंतीवर चढताना दिसल्यासारखं झालं. ते मुक्ताईच्या काठाला थडकलं.

"हं."

कोणीतरी म्हणालं. घोगरा, थकलेला, म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज. रामदासने दचकून मागच्या सीटकडे पाहिलं. मागची सीट रिकामी होती. दिवा लागला नव्हता.

"लागला नाही!" चैताली ओरडलीच. "काका, लागला नाही!" मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"आत्ता कोण बोललं?"

"तुम्हीच ना. हं म्हणालात." ती हसली. "सकाळी ठोकतानाही दर वेळी म्हणत होतात. मी बद्रीकाकांना विचारलं, तर म्हणाले, दोन वर्षं हे असंच चाललंय, तू त्याला काही विचारू नकोस." आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं. "सॉरी काका. मी सहज..."

"नाही, नाही. सवय आहे," रामदास म्हणाला. आणि हे वाक्यही त्याला त्याच घोगऱ्या आवाजात ऐकू आलं.

तो खिडकीबाहेर बघत राहिला. डोंगर होते, वाळलेलं गवत होतं. म्हणजे दुकानात कोणी नव्हतं. दोन वर्षं तो एकटाच होता. एकटाच हं म्हणायचा, एकटाच ते झेलायचा आणि एकटाच घाव घालायचा. सगळ्या गल्लीला ते ऐकू यायचं, फक्त त्याला तेवढा आपला आवाज ऐकू येत नव्हता, नुसता छातीत जाणवायचा. मुक्ताई गेली तेव्हा गेली होती. ती त्याला आत्ता, या घाटात, पुन्हा गेल्यासारखी वाटली, आणि या वेळी सांत्वनाला यायला कोणी नव्हतं.

त्याचा हात कानाकडे गेला. मशीन काढून खिशात टाकलं की झालं. ती परत येईल, सकाळी आली तशी. बोटं मशीनवर टेकली.

समोर पुढचं वळण दिसायला लागलं होतं, आधीच्याहून मोठं. चैतालीने नकळत श्वास रोखला. खाली तेलात तो पडदा होता, डावीकडे कललेल्या घावांचा. आणि रामदासला आठवलं, त्या कामात ठोकळा त्याच्या हातात होता. तिने म्हटलं होतं, तुमी निस्तं हं म्हना. त्या एका कामात घाव तिचा होता, पण हं त्याचंच होतं.

त्याने कानावरचा हात खाली घेतला. मशीन तसंच राहू दिलं. डावा हात पुढे करून पंजा डॅशबोर्डच्या पत्र्यावर दाबून ठेवला, ठोकळा धरावा तसा.

वळण आलं.

"हं," रामदास म्हणाला, मुद्दाम, मुक्ताईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.